छपरात पाखरांचं बिऱ्हाड: कलकलाट, घाण आणि घरटी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कौलारू घरं, पत्र्याची घरं आणि स्लॅबखाली फॉल सीलिंग असलेले फ्लॅट या तिन्हींसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. बहुतेक प्रश्न साळुंकीचे येतात, म्हणून तिच्यावर जास्त लिहिलं आहे. पारवे, चिमण्या, पाकोळ्या आणि घुबडं यांचंही पुढे येईल. भोक बुजवायचंच आहे, पण आत कोणी नसताना. बहुतेक घोटाळे ही वेळ चुकल्यामुळेच होतात.

पहाटे डोक्यावर खरवडल्याचा आवाज येतो. पाखरू आहे की उंदीर, कसं ओळखायचं?

आवाजाची वेळ बघा. उंदीर-घुशींची धावपळ दिवे मालवल्यावर सुरू होते आणि मध्यरात्री वाढते. साळुंकी, चिमणी, पारवा उजाडता उजाडता सुरू होतात आणि अंधार पडल्यावर गप्प बसतात. साळुंकीचा आवाज एकसारखा नसतो: कर्कश किरकिर, मध्येच शीळ, मग घोगरं काहीतरी, आणि नखांनी पत्रा खरवडणं. पारव्याचं घुमणं सगळ्यांना माहीत आहे. रात्री छपरातून कोणी जोरात फुत्कारल्यासारखा किंवा घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर ती बहुधा गव्हाणी घुबडाची पिल्लं. साप समजून घाबरलेले लोक याच आवाजामुळे सर्पमित्राला बोलावतात. संध्याकाळी आणि पहाटे चिर्र-चिर्र-चिवाक असा भांडल्यासारखा गलका म्हणजे पिंगळा, हे छोटं घुबड.

हे किती दिवस चालणार?

पक्ष्याप्रमाणे वेगळं. पहिल्या अंड्यापासून पिल्लं उडून जाईपर्यंत साधारण हिशेब असा धरा.

चिमणी: महिनाभर. अंडी ११ ते १४ दिवस उबवते, पिल्लं पंधरा दिवसांत बाहेर.
साळुंकी: सहा ते सात आठवडे. चार ते सहा निळी अंडी, उबवणं सुमारे १७ दिवस, पिल्लं आत साडेतीन आठवडे.
पारवा: सात आठवडे. दोनच अंडी, पण वर्षभर एकामागून एक वीण चालू.
पिंगळा आणि पाकोळी: दोन महिने धरून चाला.
गव्हाणी घुबड: तीन महिने. उबवणं महिनाभर, पिल्लं आत आठ-नऊ आठवडे.

खरा त्रास मात्र सगळा काळ नसतो. अंडी असताना साळुंकी जवळपास गप्प असते. पिल्लं आठवड्याची झाली की चारा आणणाऱ्या प्रत्येक फेरीला ओरडतात, आणि शेवटचे दहा-बारा दिवस सर्वांत वाईट. आवाज असह्य झाला आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा शेवट जवळ आला आहे.

वर न चढता आत पिल्लं आहेत की नाहीत, हे कसं कळेल?

सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान अर्धा तास अंगणात किंवा समोरच्या गच्चीत बसा, घरापासून निदान ३० फूट लांब. पाखरू कुठून आत जातं ती जागा नेमकी टिपा आणि भिंतीवर खडूने खूण करा. भोकं दोन असू शकतात.

मग चोच बघा. चोचीत गवत, कागद, प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर घरटं बांधणं चालू आहे. चोचीत अळी किंवा नाकतोडा घेऊन आत आणि रिकाम्या चोचीने मिनिटाभरात बाहेर, म्हणजे पिल्लं आहेत. बाहेर पडताना चोचीत पांढरी, ओलसर गोळी दिसली तर खात्रीच: ती पिल्लांच्या शीटेची पिशवी असते आणि आई-बाप ती लांब नेऊन टाकतात. एक पक्षी बराच वेळ आत आणि दुसरा तारेवर बसून राखण करतोय, तर अंडी.

घरटं आत्ताच उपसून टाकलं तर?

अंडी किंवा पिल्लं असतील तर नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीची व्याख्या कलम २(१६) मध्ये आहे. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं हेही त्या व्याख्येत येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हा अनुसूची सहावरून चार झाल्या आणि उपद्रवी प्राण्यांची जुनी यादी, जिच्यात कावळाही होता, गेली. ‘साधी साळुंकीच आहे’ हे कारण चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तेच सांगतो. घरटं मोडलं की साळुंकीची जोडी निघून जात नाही. ती आठवड्याभरात त्याच भोकात नवीन काड्या आणते, आणि तुमचे सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

नुसत्या चार काड्या आणल्या आहेत, अंडं नाही याची खात्री आहे, तर काड्या काढून त्याच दिवशी भोक बुजवा. उद्यावर टाकू नका. साळुंकीला पहिलं अंडं घालायला फार दिवस लागत नाहीत.

तोवर झोपेचं काय?

पिल्लांचा आवाज खोलीत येतो तो मुख्यतः फटींमधून: पंख्याच्या हुकाभोवतालचं भोक, दिव्याचा कटआउट, तक्तपोशीच्या फळ्यांमधल्या चिरा. या फटी खालून कापडाच्या पट्टीने किंवा ॲक्रिलिक सीलंटने बंद केल्या तर फरक लगेच जाणवतो. दिव्याच्या आणि वायरच्या आजूबाजूला मात्र कापड, थर्माकोल, कागद काहीही कोंबू नका. तिथे उष्णता साठते, आणि वर आधीच वाळलं गवत आहे.

महिनाभर खाट दुसऱ्या खोलीत हलवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते शक्य नसेल तर मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग वापरा: चिमटीत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग होत नाही, आणि बहुतेक लोक तेच करतात.

काठीने छत ठोकू नका. घाबरलेलं, अर्धवट पिसांचं पिल्लू फटीतून सरकून तक्तपोशीच्या आत किंवा भिंतीच्या पोकळीत पडतं. तिथे आई-बापांना पोचता येत नाही.

भोक बुजवायला योग्य महिना कोणता?

साळुंकीसाठी नोव्हेंबर ते जानेवारी. तिचा हंगाम मुख्यतः एप्रिल ते ऑगस्ट, आणि त्यात ती दोन विणी सहज काढते. हिवाळ्यात साळुंक्या रात्री झाडावर थव्याने झोपतात, छपर रिकामं असतं. पण याच दिवसांत गव्हाणी घुबडाची वीण असू शकते, म्हणून माळ्यावर टॉर्च मारून बघितल्याशिवाय शेवटची जाळी ठोकू नका. जमिनीवर अंगठ्याएवढ्या, काळपट, केसाळ गोळ्या दिसल्या तर तिथे घुबड बसतं: उंदरांची न पचलेली हाडं आणि केस ते अशा गोळ्यांनी ओकून टाकतं.

पिंगळा आणि पोपट फेब्रुवारी-मार्चमध्ये भोकं शोधत असतात. चिमणी आणि पारवा यांना ठरावीक महिना नाही, तिथे दर वेळी तपासूनच काम करावं लागतं.

आमच्याकडे शाकारणी मे महिन्यात होते. तेव्हाच नेमकी पिल्लं असतात. काय करायचं?

कोकणातल्या घरांचा हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येणार, कौलं त्याआधी परतून व्हायलाच हवीत, आणि साळुंकीची पहिली वीण मेमध्ये ऐन भरात असते.

मार्ग असा. एप्रिलच्या मध्यावर एकदा पाहणी करा आणि घरटी कुठल्या वाशांच्या मध्ये आहेत ते ठरवा. गड्यांना काम विरुद्ध टोकापासून सुरू करायला सांगा. घरटं असलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंचा एकेक वासा सोडून बाकी सगळं छप्पर उरका. उरलेला पट्टा तीन-चार फुटांचा असतो आणि एका माणसाचं ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. पिल्लं उडाल्यावर तो करायचा. मजुरी ठरवतानाच हा अर्धा दिवस वेगळा बोलून घ्या, नाहीतर गडी दुसऱ्या गावी गेल्यावर परत येत नाहीत. पाऊस आधी आलाच तर तेवढ्या पट्ट्यावर ताडपत्री टाका, पण पाखराच्या वाटेवरचा एक वीत भाग उघडा ठेवा.

पुढच्या वर्षी हा पेच नको असेल, तर भोकं डिसेंबरात बुजवा. शाकारणी मेमध्येच राहू द्या.

कौलारू छपरात नेमकं काय आणि कसं बुजवायचं?

जागा तीन. पहिली वळचण: भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये, दोन वाशांच्या दरम्यानची पोकळी. दुसरी आढं, म्हणजे छपराचा वरचा माथा, जिथे कौलांखालचा माल तडकून सुटलेला असतो. तिसरी, सरकलेलं किंवा फुटलेलं कौल. मंगलोरी कौलाचा रिपेला अडकणारा कान तुटला की ते पाऊस-वाऱ्याने हळूहळू खाली घसरतं, आणि वर तीन बोटांची फट पडते. साळुंकीला साडेचार-पाच सेंटीमीटर पुरतात, चिमणीला सव्वातीन.

वळचणीला अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (वेल्ड केलेल्या तारांची जाळी) लावा. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत घर असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या. महाग पडतं, पण साधी जाळी खाऱ्या हवेत काही पावसाळ्यांतच गंजून गळते. दोन वाशांमधलं अंतर मोजा, प्रत्येक बाजूला ५ सेंटीमीटर जादा धरून तुकडा कापा, कडा काटकोनात दुमडा आणि वाशांच्या बगलेवर दर १० सेंटीमीटरला यू-खिळा ठोका. खालची कड चिऱ्याच्या भिंतीवर येत असेल तर खिळा धरत नाही. तिथे भोक पाडून प्लग घाला, लाकडी पट्टी स्क्रूने बसवा आणि जाळी पट्टीला ठोका. कापलेल्या तारांची टोकं आत वळवा, हात आणि पाखरू दोघांनाही लागतात.

वळचण सिमेंटने चिणून टाकू नका. कौलारू घराचा श्वास तिथून चालतो. हवा बंद झाली की पावसाळ्यात वासे दमट राहतात, बुरशी येते आणि मग वाळवी. जाळी पाखराला अडवते, वाऱ्याला नाही. मोठा उंदीरही तिने अडतो. छोटे उंदीर मात्र आत शिरतात, त्यांच्यासाठी पाव इंची लागते.

आढ्यासाठी एकास चार सिमेंट-वाळूचा माल पुरतो. मात्र जुना सुटलेला माल पूर्ण काढा आणि कौलं आधी पाण्याने चांगली भिजवा. कोरडं कौल मालातलं पाणी शोषतं, माल जळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच चीर परत दिसते. नंतर तीन दिवस पाणी मारा.

स्प्रेचा पीयू फोम एकटा कुठेही वापरू नका. साळुंकी तो चोचीने टोकरते, उंदीर कुरतडतो, ऊन त्याची पावडर करतं. जाळीच्या मागे भरण म्हणून चालेल.

पत्र्याच्या घराला?

सिमेंटच्या पत्र्याची लाट सुमारे ४८ मिलिमीटर उंच असते. चिमणीसाठी तो दरवाजाच आहे, आणि साळुंकीही घुसते. लाटांच्या जुन्या पद्धतीच्या लोखंडी पत्र्याची उंची १८ मिलिमीटरच्या आसपास असते, तिथून चिमणीही जात नाही. तिथे वाट सापडते ती उचकटलेल्या जोडाजवळ.

सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याला ड्रिल मारू नका, करवत लावू नका, कोरडा घासू नका. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. म्हणून जाळी पत्र्याला नाही, भिंतीला धरायची. १५ सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापा, मधोमध काटकोनात दुमडा आणि एक बाजू भिंतीच्या माथ्यावर पक्की करा. दुसऱ्या बाजूला लाटांच्या मापाने काप देऊन ती आतून लाटेत दाबून बसवा. सिमेंट भरू नका. उन्हात पत्रा हलतो, भरलेला माल सुटून पडतो.

आणि पत्र्यावर चालू नका. सिमेंटचा आणि फायबरचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, तो न तडकता एकदम फुटतो. जावंच लागलं तर खालच्या पर्लिनवर (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या दांड्यांवर) टेकतील अशा लांब फळ्या टाकून. शिडी १२ फूट उंचीला टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून ३ फूट बाहेर हवा आणि खाली धरायला एक माणूस.

फ्लॅटमध्ये पाखरं कुठून येतात?

एसीच्या पाइपसाठी पाडलेलं अडीच इंची भोक, बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन, गॅस गीझरची धूर जाण्याची नळी. पहिल्या दोन ठिकाणी फॉल सीलिंगच्या वर पूर्ण घरटं तयार होतं. एसीच्या भोकाला पाइपभोवती वेल्डमेशची गुंडाळी आणि वर एसी पुट्टी किंवा सीलंट. गीझरच्या नळीत काडी दिसली तर गीझर लगेच बंद करा. नळी तुंबली की कार्बन मोनॉक्साइड बाथरूममध्येच राहतो, आणि त्याला वास नसतो.

बुजवण्याआधी आत कोणी नाही याची शेवटची खात्री कशी करायची?

हंगाम संपल्यावर भोकात वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा सैल बसवा आणि तीन दिवस थांबा. बोळा जागेवरून हलला नाही तर भोक वापरात नाही. बाहेर फेकला गेला तर कोणीतरी आहे, पुन्हा निरीक्षण करा. पिल्लं असण्याची शंका असेल तेव्हा हा प्रयोग करायचा नाही.

जाळी लावली आणि आतून आवाज येतोय!

लगेच काढा. संध्याकाळ होईपर्यंत नाही, आत्ता. उघड्या अंगाच्या पिल्लाला दिवसभर सतत चारा लागतो, काही तासांत ते दगावतं. जाळीचा एक कोपरा १० सेंटीमीटर उचकटून सगळ्यांनी लांब व्हा, आई-बाप तासाभरात परततात. पिल्लं मेली तर आठवडाभर वास येतो, माश्या होतात, आणि काढायला छतच उघडावं लागतं.

डांबरगोळ्या, जुन्या सीडी, प्लॅस्टिकचं घुबड, अल्ट्रासोनिक यंत्र?

सीडी आणि घुबडाला पाखरं दोन-चार दिवसांत सरावतात. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाखरांनाही ऐकू येत नाही, त्यांची वरची मर्यादा आपल्यापेक्षा कमीच असते. त्या यंत्राचे पैसे जाळीत घाला. डांबरगोळ्यांचा वास पाखराला फारसा हलवत नाही, पण नॅफ्थलीनची वाफ छतातून खाली उतरते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. धूर करणं सगळ्यांत धोक्याचं: वर वाळक्या गवताचा ढीग आहे आणि शेजारून वायरिंग गेलं आहे. चिकट जेलबद्दल एवढंच, की त्यात अडकलेल्या चिमणीची पिसं आणि कातडी सोलून निघते. वापरू नका.

जुनं घरटं आणि शीट कशी साफ करायची?

कोरडी झाडू नका. पारव्याच्या वाळलेल्या शीटेची धूळ श्वासात गेली की बुरशीजन्य आजार होऊ शकतात, आणि वारंवार गेली तर फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. दम्याच्या माणसाने या कामाला जाऊ नये.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून स्प्रे बाटलीने ढीग पूर्ण ओला करा आणि दहा मिनिटं मुरू द्या. वरचा थर काढला की खालचा कोरडा निघतो, तो पुन्हा ओला करा. साळुंकीच्या एका घरट्यातून गवत, चिंध्या, प्लॅस्टिक, कधी सापाची कात असं पोतंभर निघतं, तेव्हा दोन जाड पिशव्या एकात एक घालून न्या. जागा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने पुसा. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. काम संपल्यावर तिथल्या वायरी कुरतडल्या आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

पिल्लं उडाल्यावर घरात सगळ्यांना खाज सुटली आहे.

पाखरांच्या रक्तावर जगणारे बारीक माइट खाली उतरले आहेत, टाचणीच्या टोकाएवढे. माणसावर ते वाढत नाहीत, पण भुकेले असल्याने चावतात. मूळ घरटं काढल्याशिवाय कितीही फवारलं तरी ते येत राहतात. पिल्लं उडाल्यापासून दोन-तीन दिवसांत घरटं काढा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, छताच्या फटी बंद करा. दोन-तीन आठवड्यांत ते संपतात.

घुबड किंवा पिंगळा घरात असणं अपशकुनी आहे का?

नाही. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज मारतं, आणि पिल्लं असतील तर त्याहून जास्त. भाताच्या कणगीजवळ त्याच्यासारखा राखणदार नाही. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, म्हणून घरट्याची जागा गावभर सांगू नका. कोणी विचारत आलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घुबड असेपर्यंत घरात उंदराचं औषध टाकू नका. औषध खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरतं.

पिल्लू खाली पडलंय.

अंगावर पिसं नसतील तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. घरट्यापर्यंत हात पोचत नसेल तर वीतभर टोपलीत सुकं गवत घालून ती भोकापासून तीन-चार फुटांवर, सावलीत, घट्ट बांधा. पिसं आलेली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय: मांजर-कुत्रं आवरा आणि लांब व्हा. दूध, भिजवलेला पाव, चोचीत पाण्याचे थेंब यांतलं काही देऊ नका. पाणी श्वासनळीत जातं. पाकोळी जमिनीवर पडली असेल तर तिचे पाय इतके आखूड असतात की सपाट जागेवरून तिला झेप घेणं कठीण जातं. जखम नसेल तर तळहातावर उंच धरा, फेकू नका. ती स्वतः झेपावते.

चिमण्या हव्यात, पण पत्र्यात नको.

मग भोक बुजवण्याच्या आधी पेटी लावा, नंतर नाही. १८ मिलिमीटर प्लायवुड, तळ १५ बाय १२ सेंटीमीटर, उंची २५, भोक ३२ मिलिमीटर. भोक मोठं ठेवलं तर साळुंकी घुसते. तळाला ६ मिलिमीटरची चार छिद्रं आणि वरचं झाकण पुढे पाच सेंटीमीटर बाहेर. पुढे बसायला दांडी नको, तिचा फायदा कावळ्याला होतो. पेटी जुन्या भोकाच्या जवळ, १० फूट उंचीवर आणि दुपारचं ऊन न लागणाऱ्या भिंतीवर हवी. पत्र्याला चिकटवून लावलेली पेटी मेमध्ये भट्टी होते.

आम्ही परदेशात राहतो, तिथे हेच चालतं का?

पद्धत तीच, कायदा वेगळा. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वापरात असलेलं किंवा बांधलं जात असलेलं कुठल्याही वन्य पक्ष्याचं घरटं मोडता येत नाही. तिथे छपरात सहसा स्टार्लिंग असते, आपल्या साळुंकीच्याच कुळातली. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात चिमणी, स्टार्लिंग आणि पारवा येत नाहीत, पण इतर बहुतेक पाखरं येतात. ऑस्ट्रेलियात साळुंकी १८६० च्या दशकात मेलबर्नला सोडली गेली आणि आता ती तिथल्या पाखरांच्या ढोल्या बळकावते, म्हणून तिला तिथे संरक्षण नाही. मात्र त्या छपरात पॉसम (रात्री फिरणारा तिथला एक प्राणी) असू शकतो, आणि त्याला आहे. भोक बुजवण्याआधी रात्रीही एकदा बघून घ्या.

आम्ही बुजवलं, आता साळुंक्या शेजारच्या चाळीच्या पत्र्यात गेल्या.

जाणारच. जोडघरं आणि चाळी यांचं छप्पर एकच असतं, तेव्हा काम एका खोलीपुरतं करून भागत नाही. डिसेंबरात सगळ्यांनी मिळून वळचणीचं एकूण माप घ्या आणि वेल्डमेशचा पूर्ण रोल आणा. सुट्या तुकड्यांपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. एका टोकापासून सलग काम काढा. ज्या खोलीत त्या वेळी पारव्याची अंडी असतील तिची जाळी सात आठवड्यांनी लावायची, आणि तेवढा तुकडा कापून त्या घरात नाव लिहून ठेवायचा.